तळघरातल्या आईचा आवाज

स्टुडिओत तिला सगळे किंचाळीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागे नाही. आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. माणसाला नाव पडायचंच असेल तर ते कामावरून पडावं, नाकावरून पडण्यापेक्षा बरं, असं तिचं म्हणणं. काम होतं परदेशी भयपटांना आपल्या भाषेत आवाज देण्याचं. भयपट म्हणजे काय, कुणीतरी जिना उतरतं, दार करकरतं आणि एक बाई जीव खाऊन ओरडते. पडद्यावर बाई कुणीही असो, ओरडायची ही.

त्या धंद्यात एक रीत होती. किंचाळ्या नेहमी दिवसाच्या शेवटी घ्यायच्या. एकदा ओरडलं की घसा फाटतो, मग नर्स, शेजारीण, वकिलाची बायको असल्या साध्या आवाजांना तो उपयोगाचा राहत नाही. म्हणून दिवसभर ती गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत उभी राहून साधी साधी माणसं बोलायची, आणि संध्याकाळ झाली की काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणायचा, "बाई, आता काढा."

त्याच इमारतीत चार भाषांचं डबिंग चाले. बाकीच्या तीन भाषांच्या बाया नाजूक. कुणाचा उद्या गाण्याचा कार्यक्रम, कुणाच्या घशाला थंडी बाधलेली. शेवटी रेकॉर्डिस्टने तोडगा काढला. सगळे त्याला भाऊ म्हणत. भाऊ म्हणाला, ओरडायला भाषा कशाला लागते? एकीनेच ओरडावं, ते वेगळ्या पट्टीवर, म्हणजे टेपच्या वेगळ्या ट्रॅकवर घ्यावं, आणि तीच पट्टी चारही भाषांना जोडावी. एकीने म्हणजे अर्थातच हिने. वारा, पावलं, दाराच्या बिजागऱ्या, कुत्र्याचं विव्हळणं ज्या पट्टीवर असायचं, त्यावरच तिच्या किंचाळ्या जाऊन बसल्या. बाकीच्या तिघी तिला येता-जाता म्हणायच्या, "तुमच्यामुळे आमचा घसा शाबूत आहे हो." ती म्हणायची, "तुमच्यामुळे माझा जाणार आहे."

गंमतीत म्हटलेलं. असल्या गंमती माणसाने बेताने कराव्यात.

घरी आली की ती तोंड उघडत नसे. नवरा विजेच्या मीटरची नोंद घेत दारोदार फिरणारा. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून त्याचेही कान किटलेले. दोघांचं छान जमायचं. ती खुणेने चहा मागायची, तो खुणेने साखर संपली म्हणून सांगायचा. लेकीच्या वाढदिवसाला कुणी टेपरेकॉर्डर पुढे केला तर ती हाताने बाजूला सारायची. "दिवसभर आवाज विकून आलेय. घरी फुकट मिळायचा नाही." घरातल्या सगळ्या जुन्या चित्रफितींत लेक गाते, नवरा उखाणा घेतल्यासारखा लाजत काहीतरी बोलतो, आणि ही मागे उभी राहून ओठांवर बोट ठेवते.

आणि याच सवयीने घात केला. घसा बसला की गप्प बसायचं, हा त्या धंद्यातला एकमेव उपाय. एका वर्षी बसला तो उठेचना. ती गप्प बसली. आणखी गप्प बसली. दुसऱ्या कुठल्या घरात बायको महिनेच्या महिने बोलली नाही तर नवऱ्याचं धाबं दणाणलं असतं. इथे कुणाच्या लक्षातही आलं नाही. लेक लग्न होऊन दूर गेलेली, फोनवर आई "हं", "हं" करायची, ती तर आधीपासूनच करायची. शेवटी गळ्याला गाठ आली तेव्हा डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात? हिने कागदावर लिहिलं, "आराम." स्वरयंत्रच काढावं लागलं. श्वास घ्यायला गळ्याच्या पायथ्याशी एक भोक ठेवलं. पुढच्या वर्षी नवरा गेला, झोपेतच; आणि लेकीने आईला आपल्याकडे आणलं.

लेकीकडे बिट्टी होती.

बिट्टी चार वर्षांची, नात. आजीला तिने धडधाकट असताना कधी पाहिलंच नव्हतं. तिला मिळाली ती गळ्यावर जाळीदार रुमाल बांधलेली, न बोलणारी, आणि रुमालाखालून सुस् सुस् करणारी आजी. खोकली की आवाज तोंडातून नाही, गळ्यातून. मुलांना असल्या गोष्टी सांगून पटत नाहीत. दवाखान्याने बोलायला एक यंत्र दिलं होतं, गळ्याला टेकवायचं आणि ओठ हलवायचे. आजीने हौसेने ते लावलं आणि म्हणाली, "ये बिट्टी, बस माझ्याजवळ." यंत्रातून एकसुरी, घरघरणारा, ना बाईचा ना पुरुषाचा असा आवाज आला. जन्मभर जो आवाज ऐकून पडद्यावरच्या बाया पळत सुटायच्या, तसलाच. बिट्टी जी पळाली ती आईच्या कपाटात जाऊन बसली. तिला बाहेर काढायला चॉकलेट दाखवावं लागलं.

यंत्र खणात गेलं. आजी पुन्हा पाटीवर आली. हातभर लांबीची पांढरी पाटी, पुसता येणाऱ्या शाईचं पेन. पण बिट्टीला वाचता येत नव्हतं. आजी असेल त्या खोलीत ती शिरायची नाही. दाराच्या चौकटीला धरून एक डोळा तेवढा आत ठेवायची. आजीने हात पुढे केला की तो डोळाही नाहीसा.

लेक म्हणायची, "होईल गं सवय."

आजी लिहायची, "मी मेल्यावर?"

एके दुपारी तिला ती फिल्म आठवली. एका परदेशी सिनेमात मेलेली आई घराच्या तळघरात राहते आणि मुलगी एकटी असली की वर येऊन तिच्या उशाशी बसते. त्या आईला हिने आवाज दिला होता. भूत झालेली आई असली तरी घोगरा आवाज नको, असा भाऊने हट्टच धरला होता. "घरी लेकीशी बोलता तसं बोला, बाई." "घरी मी बोलत नाही." "मग बोलला असतात तसं बोला." आणि ती बोलली होती. 'झोप आता. दार मी उघडंच ठेवते.' एवढंच वाक्य, पण त्यात तिचा खरा, कामाला न लावलेला आवाज होता. भाऊने हेडफोन काढून डोळे पुसले होते आणि वर म्हणाला होता, धूळ फार झालीय इथे.

तो आवाज बिट्टीने ऐकला पाहिजे. एकदा ऐकला की ह्या सुस् सुस् करणाऱ्या बाईच्या आत कोण बसलंय ते तिला कळेल. आजीच्या मनाने हे घेतलं, आणि तिच्या मनाने घेतलं की संपलंच.

"फिल्मचं नाव काय, आई?" जावयाने विचारलं. जावई स्वभावाने गरीब, नोकरी पाण्याच्या नळांचे नकाशे काढायची, तीही घरी बसूनच. एकच दुर्गुण, घाई. त्याला कढत चहासुद्धा थांबून पिता यायचा नाही.

"आठवत नाही. आम्ही तळघर म्हणायचो," तिने लिहिलं.

"आधी आपल्या अॅपवर बघ," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. "महिन्याला पैसे भरतो ना आपण."

त्याने 'तळघर' टाकलं. तळघरं पुष्कळ निघाली, ही नाही. "नाहीये."

"नीट बघ."

"बघितलं की नीट." दूध उतू जायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. मग तो आपल्या संगणकावर कुठल्याशा भलत्याच साइटवर शिरला आणि ओरडला, "सापडली! वर्णन तेच आहे, मेलेली आई, तळघर. एकाच फाइलमध्ये तीन भाषा, त्यात आपलीही. आणि आकार बघा, एवढासा! दहा मिनिटांत उतरेल."

लेक हात पुसत बाहेर आली. "अख्खा सिनेमा, तीन भाषांत, एवढ्याशात मावतो कसा?"

"दाबून बसवतात."

"दाबून बसवलं की काय होतं ते तुझं कपाट उघडल्यावर दिसतंच. बंद कर ते. चोरीचं आहे."

"अगं, सगळे बघतात."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग एकेकाची."

आजी हे सगळं ऐकत होती. चोरीच्या फिल्मांबद्दल तिला कुणी काही सांगायला नको होतं. त्यांनी डब केलेले सिनेमे प्रदर्शित व्हायच्या आधीच रस्त्यावर मिळायला लागले, मग रस्त्याचीही गरज उरली नाही, घरोघर फुकट उतरायला लागले. डबिंगवर खर्च करायला कुणी राजी होईना. चार भाषांची इमारत एकेक मजला करत रिकामी झाली. हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. तरी तिने पाटी उचलली.

"माझाच आवाज आहे. मी चोरीन."

"आवाज तुझा असेल, आई. फिल्म तुझी नाही."

आजीने पाटी पुसली. मग लिहिलं, "बिट्टीसाठी."

लेक आत निघून गेली. भांडी जरा जोरात वाजली, तेवढंच.

जावयाने बटण दाबलं तर जुगाराची जाहिरात उघडली. दुसरं दाबलं तर अशी काही बाई उघडली की त्याने सासूसमोर पटकन पडद्यावर हातच धरला. तिसऱ्या बटणाने सांगितलं, तुमच्या संगणकाचं संरक्षण फाइल अडवतंय, ते थोडा वेळ बंद करा. त्याने केलं. चोराने पहारेकऱ्याला सांगावं, जरा पाय मोकळे करून ये, आणि त्या शहाण्याने जावं, तसा प्रकार. दोन फाइली उतरल्या. पहिलीवर फिल्मचं चित्र होतं. ती उघडली तर एक काळी चौकट लवली आणि मिटली.

"खराब असेल," जावई म्हणाला आणि दुसरी उघडली.

ती लागली. चित्र असं की ओल्या काचेतून बघतोय. त्याने आपली भाषा निवडली, पुढे सरकवत सरकवत उशाशी बसलेली आई शोधून काढली. आजीने खुर्ची पुढे ओढली. पडद्यावरच्या आईने मुलीच्या केसांतून हात फिरवला, ओठ हलले, आणि एक कंटाळलेला पुरुषी आवाज म्हणाला, "मुली, आता निद्रा घे. द्वार खुले राहील."

जावयाने चमकून सासूकडे पाहिलं. फिल्ममधलं प्रत्येक माणूस तोच आवाज बोलत होता. पोलीस, डॉक्टर, मुलगी, सगळे. यंत्राकडून वाचून घेतलेलं असावं. जिथे किंचाळी होती तिथे तो तितक्याच सपाटपणे म्हणाला, "अरे देवा."

आजी हसायला लागली. तिचं हसू म्हणजे गळ्याच्या रुमालाचं वरखाली होणं आणि हवेचे धक्के. दाराच्या चौकटीतला डोळा ते बघून पळाला. मग तिचं हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाने संगणक चालू केला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. प्रत्येक फाइलचं नाव बदललेलं, एकही उघडेना. पडद्यावर मधोमध निरोप, तुमचं सगळं आम्ही कुलूपबंद केलं आहे, किल्ली हवी तर पैसे पाठवा. काल लवून मिटलेल्या त्या काळ्या चौकटीने रात्रभर आपलं काम केलं होतं.

"नकाशांच्या प्रती ऑफिसात आहेत," तो स्वतःलाच समजावत म्हणाला. "नकाशांचं काही नाही. नोकरीला धक्का नाही."

"आणि घरचं?" लेकीने विचारलं.

"फोटो म्हणतेस? बरेचसे फोनवर असतील की."

"बाबांचं फोल्डर होतं त्यात. बाबांच्या फोनमधून काढून ठेवलेलं."

"त्यात काय होतं? मीटरच्या पाट्यांचे फोटोच तर होते."

लेक खाली बसली. खुर्ची होती जवळ, तरी जमिनीवर बसली. आजी चहाचा कप घेऊन दारातच उभी होती.

"तुझा आवाज होता त्यात, आई," लेक म्हणाली. "बाबांनी चोरून टेप केला होता. तुला कधीच सांगितलं नाही, तू पुसायला लावलं असतंस. तू ओरडतेयस त्यांच्यावर, ओला टॉवेल गादीवर टाकू नका, किती वेळा सांगायचं, तुमच्या अंगात हाडं आहेत की कापूस, असं काहीतरी. आणि मग एकदम हसायला लागतेस. बाबा विचारतात, काय झालं हसायला? तू म्हणतेस, तोंड बघा तुमचं आरशात. एवढंच आहे. होतं."

आजीच्या हातातला कप हलला नाही. तिला तो टॉवेल आठवत नव्हता. असे हजार टॉवेल झाले असतील. तो माणूस फोन खिशात चालू ठेवून बोलणी खात उभा राहिला होता, हे मात्र तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिने भिंतीला हात लावला.

"मग बिट्टीला का नाही ऐकवलंस आजवर?" जावयाने विचारलं. विचारल्यावर त्याची त्यालाच चूक कळली असावी, पण घाई ती घाई.

"ऐकवत नव्हतं मला!" लेक ओरडली. "दोघंही होते त्यात. बाबांना जाऊन किती दिवस झालेत? म्हटलं, जरा निवळू दे, मग सगळ्यांनी मिळून ऐकू. पळून जाणार होतं का ते? आणि काल मी बोंबलून सांगत होते तुम्हाला दोघांना!"

'दोघांना' हा शब्द आजीपर्यंत बरोबर पोचला. तिने कप ठेवला. पाटी टेबलावर होती, तिला हात लावला नाही.

संगणक दुरुस्त करणारी बाई आली. तिने आधी इंटरनेटची वायर काढली, मग बराच वेळ बघून म्हणाली, "पैसे पाठवू नका. पाठवले तरी किल्ली देतील याची काही शाश्वती नाही, आणि देणारे आहात म्हटल्यावर पुन्हा येतील. दुसरीकडे कॉपी होती का कुठे?"

"नाही."

"आणि बाबांचा जुना फोन?" बाईने विचारलं.

"दुरुस्तीला टाकला होता, त्यांनी सगळं पुसून दिला."

कुलूप लागलेल्या फाइली बाईने एका वेगळ्या डिस्कवर काढून ठेवल्या. कधीकधी अशा कुलपांच्या किल्ल्या पुढे कुणी शोधून काढतं, म्हणाली. पण आस लावून बसू नका. पोलिसांत तक्रार करा, हेही म्हणाली. तक्रार करायची तर आपण काय उतरवत होतो ते आधी सांगावं लागणार, म्हणून जावई दोन दिवस घुटमळला, मग गेला. तिथे त्याला चार शब्द ऐकावे लागले. तक्रार लिहून घेतली गेली. पुढे काही झालं नाही.

घरात त्यानंतर सगळे एकमेकांशी फार नीट वागायला लागले, आणि नीट वागण्यासारखं वाईट काही नाही. लेक आईचा रुमाल बदलायची, भोकाभोवती औषध लावायची, सगळं वेळच्या वेळी. पण पूर्वी ते करताना बडबडायची, ती बंद झाली. आजीला वाटायचं, हिने माझ्यावर एकदा फाडफाड ओरडावं. पण ओरडणं या घरात आता कुणालाच येत नव्हतं.

शेवटी ती एकटीच बस पकडून भाऊकडे गेली. भाऊ आता कानाच्या यंत्रांच्या दुकानात बसायचा; म्हाताऱ्यांच्या कानात बोंडं घालून 'येतंय का ऐकू' विचारायचा. तिला बघून तो उठून उभा राहिला.

"या बाई, या. बोला." मग जीभ चावली. "म्हणजे... लिहा."

तिने सगळं लिहिलं. तीन वेळा पाटी पुसावी लागली. भाऊचा चेहरा उतरत गेला.

"तुम्ही? बाई, तुम्ही त्या चोरांच्या दारात गेलात? ज्यांनी आपली चूल विझवली त्यांच्या?"

"बोलून घ्या," तिने लिहिलं. "घरी कुणी बोलत नाही."

त्यावर भाऊ बसला. "ऐका. नावाने कधी शोधू नका. विकताना दर वेळी नवीन नाव ठेवतात, आपण नाही का चार भाषांत चार नावं ठेवायचो? त्या नटीच्या नावाने शोधा, दिग्दर्शकाच्या नावाने शोधा, मी लिहून देतो. तुम्ही पैसे भरता त्या अॅपवर नसेल तर दुसऱ्यावर एकट्या फिल्मचं भाडं भरून बघता येतं. मोठ्या वाचनालयात जुन्या खऱ्या डिस्का असतात, त्याही विचारा. कुठेच नसेल तर मालकी ज्या कंपनीकडे आहे तिला पत्र टाका, देतात उत्तर कधीकधी. आणि लहान फाइलच हवी असेल तर अॅपच देतं की, कमी दर्जा निवडायचा, उतरवून ठेवायची. त्यासाठी कशाला त्या उकिरड्यात..." तो थांबला. "एक सांगू?"

तिने मान हलवली.

"फार आशा ठेवू नका. मालक बदलला की नवीन लोक डबिंग नव्याने करतात. जुन्या पट्ट्या कोण सांभाळणार? स्टुडिओ बंद झाला तेव्हा संवादांच्या टेपा मीच टेम्पोत भरून दिल्या, बाई. भंगारात. बाहेरच्या कंपनीकडे काय काय पोचलं होतं, मला नाही सांगता यायचं."

तिने लिहिलं, "धूळ फार झालीय इथे."

भाऊला हसायचं होतं, पण जमलं नाही.

वाचनालयात डिस्क होती, खरी होती, पण तीत आपली भाषा नव्हती. कंपनीने दोन ओळींचं सभ्य उत्तर पाठवलं, जुन्या डबिंगचं काही आमच्याकडे नाही. मग लेकीने, जावयाच्या हातातून रिमोट काढून घेऊन, नटीच्या नावाने शोधलं. फिल्म सापडली. ज्या अॅपचे पैसे ते महिन्यामहिन्याला भरत होते, त्याच्यावरच. वेगळ्या नावाने. चार भाषा, आपलीसकट. त्या दुपारीही ती तिथेच होती.

जावई उठून बाल्कनीत गेला. त्याला कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

रविवारी दुपारी बसले. बिट्टीने काही बघायचं नाही, फक्त ऐकायचं, असं ठरलं, म्हणून लेकीने टीव्हीवर चादर टाकली. खिडक्या उघड्या, भरपूर ऊन. तरी चादर घातलेला तो टीव्ही भुतासारखाच दिसत होता. बिट्टी तिच्या नेहमीच्या जागी, चौकटीला धरून. लेकीने चादरीखाली डोकं घालून जागा शोधली.

"हां, इथे आहे. आई, ऐक."

चादरीखालून एक बाई बोलली. "झोप आता, बाळा. दार मी उघडंच ठेवीन."

चांगला आवाज होता. तरुण, स्वच्छ. काम नीट केलं होतं पोरीने, श्वास कुठे घ्यायचा ते तिला कळत होतं. आजीने मनातल्या मनात तिला शाबासकी दिली आणि मान हलवून सांगितलं, ही मी नाही.

"नवीन केलंय," लेक म्हणाली. तिच्या हातातला रिमोट तसाच राहिला. फिल्म चालू होती. चादरीखाली पावलं वाजली, वारा, बिजागरी करकरली.

आणि मग ती ओरडली.

लेक दचकून उभी राहिली. आजीने खुर्चीचे हात घट्ट धरले. हा आवाज तिला ओळखायला कुणाची गरज नव्हती. शेवटी शेवटी जरा फाटायचा, डावीकडे वळल्यासारखा, भाऊ म्हणायचा ते फाटणंच ठेवायचं. शब्द भंगारात गेले होते. वारा, कुत्रा आणि बिजागऱ्यांच्या पट्टीवर बसलेली किंचाळी तेवढी मालकामागून मालक बदलत इथवर आली होती.

"आई, तू," लेक म्हणाली. "ही तूच ना?"

तिने दुसरी भाषा लावली, मागे नेलं. तीच किंचाळी. तिसरी लावली. तीच. बोलणाऱ्या बाया बदलत होत्या, ओरडणारी एकच.

"बंद कर," जावई हळूच म्हणाला. "पोरगी घाबरेल."

पण पोरगी चौकट सोडून आत आली होती. खोलीच्या मधोमध उभी राहून ती आधी चादरीकडे, मग आजीकडे बघत होती.

"आजी ओरडली?"

"हो," लेक म्हणाली. "ती आजी आहे."

"आजी आत आहे?"

बिट्टीने स्वतःच विचार केला. "तिला कुणी मारतंय आत?"

आजीने जोरात मान हलवली, नाही, नाही. पण ज्या बाईला तोंडाने आवाज नाही तिच्या नाहीवर कोण विश्वास ठेवणार? बिट्टी चालत आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा जवळ आली, गुडघ्याला टेकून उभी राहिली, आणि रडणाऱ्या बाळाच्या तोंडावर हात ठेवतात तसा तिने आपला तळवा आजीच्या गळ्यावर ठेवला. बरोबर रुमालावर. सुस् सुस् थांबलं.

"ओरडू नको हं," ती म्हणाली. "मी आहे ना."

तेवढ्या एका भोकातूनच आजीचा श्वास चालायचा. लेक पुढे झेपावली. आजीने हात वर करून तिला थांबवलं. छाती भरून येईतो, डोळ्यांपुढे काजवे चमकेतो तिने तो तळवा तिथेच राहू दिला. मग तिने तो सावकाश उचलला आणि बाजूला, मानेवर ठेवला. हवा आत गेली तसा मोठा फुसकारा झाला. बिट्टी पळाली नाही.

ती फिल्म जावयाने अॅपमधूनच, कमी दर्जाची, फोनवर उतरवून दिली. एवढीशी जागा खाते. बिट्टी रोज दुपारी फोन घेऊन येते, आजीच्या मांडीला टेकून बसते आणि म्हणते, आजीला लाव. फोन उपडा ठेवायचा, फक्त ऐकायचं. आजी एकदा या भाषेत ओरडते, एकदा त्या भाषेत, आणि बिट्टी दर वेळी तिच्या मानेवर हात ठेवून तिला गप्प करते. आजीला याहून दुसरं काहीतरी ऐकवायचं होतं. 'झोप आता' ऐकवायचं होतं, तुमच्या अंगात हाडं आहेत की कापूस हे ऐकवायचं होतं. पाटीवर ती ते लिहीत नाही.

लेक तेवढ्यापुरती उठून आत जाते. कपाटात, धुतलेल्या टॉवेलांच्या घडीखाली, कुलूप लागलेल्या फाइलींची ती डिस्क ठेवलेली आहे. अधूनमधून ती दुरुस्तीवालीला फोन करते, किल्ली निघाली का कुठे, म्हणून विचारते. नाही म्हटलं की, बरं, म्हणते.